निधीसंकलनाचा कार्यक्रम: आखणीपासून हिशेबापर्यंत

नवी कार्यकारिणी निवडून आली की पहिल्या दोन-तीन बैठकांतच कोणीतरी म्हणते, "निधीसाठी एखादं नाटक लावू या." सगळ्या माना डोलतात, सभागृहाची तारीख बघायला एकाला सांगितले जाते आणि बैठक चहावर येते. हा लेख त्या बैठकीत हाताशी असावा म्हणून लिहिला आहे. बडोद्यात आम्ही अशा कार्यक्रमांतून जे शिकलो, काही वेळा पैसे गमावून शिकलो, ते इथे एकत्र केले आहे. कायद्याच्या बहुतेक गोष्टी इंदूर, बेळगाव, हैदराबादच्या मंडळांनाही तशाच लागू आहेत. तारखा, सवयी आणि खाण्याचे पदार्थ मात्र ज्याने त्याने आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावेत.

आमचे मुख्य म्हणणे आधीच सांगून टाकतो. नाटक लावून निधी जमत नाही. निधी पडदा वर जाण्याआधी जमलेला असावा लागतो. नाटक हे लोकांकडे जाण्याचे निमित्त आणि त्यांनी दिले त्याबद्दलचे आभार.

मराठी रंगभूमीला 'सहाय्यार्थ प्रयोग' नवा नाही. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी खाडिलकरांच्या 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला. एकजण गंधर्व नाटक मंडळीचे, दुसरे ललितकलादर्शचे. एरवी एकमेकांचे स्पर्धक. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे होते आणि तरीही नाट्यगृह भरले. आजही त्या प्रयोगाची आठवण निघते ती दोघांच्या गाण्यासाठी. निधी जमवणाऱ्याने मात्र त्यातली दुसरी गोष्ट बघावी: पैसा कशासाठी जातो आहे हे त्या वेळी गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. फंडाचे नाव आधी लोकांच्या तोंडी झाले, प्रयोग नंतर आला.

आधी कारण, मग कार्यक्रम

"मंडळाच्या विविध उपक्रमांसाठी" असे छापलेल्या पत्रकावर कोणी खिशात हात घालत नाही. "वाचनालयाचे छप्पर गळते, पावसाळ्यात पुस्तकांच्या कपाटांवर प्लास्टिक टाकावे लागते, दुरुस्तीचा अंदाज इतका आहे" असे म्हटले की माणूस थांबून ऐकतो. बडोद्यात तर वाचनालय म्हटल्यावर जास्त समजवावेही लागत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले, ते गाव हे. जुन्या घरांतून आजही कोणी ना कोणी आजोबांच्या वाचनालयाच्या आठवणी सांगतेच.

कारण एकच असावे, त्याला आकडा असावा आणि तो आकडा कंत्राटदाराच्या लेखी अंदाजपत्रकातून आलेला असावा. बैठकीत डोळे मिटून ठरवलेली "पाच लाख" ही रक्कम लोक लगेच ओळखतात.

इथे आमची एक चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी वाचनालयासाठी म्हणून आम्ही कार्यक्रम केला, पैसे आले, आणि त्याच वर्षी गणेशोत्सवाच्या खर्चात तूट आली. "आत्ता इकडून भरून काढू, पुढच्या वर्षी परत टाकू" असे बैठकीत ठरले. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. ते पैसे परत पडले नाहीत आणि छप्पर गळतच राहिले. पुढच्या खेपेला दारोदार गेलो तेव्हा एका वयस्क काकूंनी सरबत दिले, विचारपूस केली आणि शांतपणे म्हणाल्या, "मागचं छप्पर झालं का हो?" त्या दिवशी त्यांच्या घरून आम्ही पावती न फाडता बाहेर पडलो. विशिष्ट कारणासाठी घेतलेला पैसा देणाऱ्यांना न विचारता दुसरीकडे वळवता येत नाही, हे नियमाच्या दृष्टीनेही खरे आहेच. पण त्या काकूंना कुठला नियम सांगावा लागला नव्हता. विश्वास परत यायला चार वर्षे लागली. आता त्या निधीचे खाते वेगळे असते आणि त्यातून पैसे काढायला ठराव लागतो.

गणित

बाहेरगावच्या नाटकाचा कॉन्ट्रॅक्ट शो ठरवताना फक्त नाटकाच्या 'नाइट'चा आकडा डोळ्यांसमोर असतो. मुंबई-पुण्याहून कलाकारांची बस, नेपथ्याचा टेम्पो, राहणे, दोन वेळचे जेवण, सभागृहाचे भाडे आणि अनामत, जादा ध्वनियंत्रणा, छपाई हे सगळे नंतर एकेक करून समोर येते. पुढचे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, पण प्रमाण आमच्या अनुभवाशी जुळणारे आहे.

समजा सभागृहात ६०० खुर्च्या आहेत. त्यातल्या ६० पाहुणे, जाहिरातदार आणि कार्यकर्ते यांच्यासाठी गेल्या. उरलेल्या ५४० पैकी १५० तिकिटे ५०० रुपयांची, २५० तिकिटे ४०० ची आणि १४० तिकिटे २५० ची. एकूण एक विकले गेले तर २,१०,००० रुपये होतात. खर्च समजा २,२५,००० झाला. म्हणजे 'हाउसफुल्ल'चा फलक लावूनही मंडळ १५,००० रुपये खाली. आता स्मरणिकेच्या जाहिराती १,६०,००० च्या मिळाल्या आणि छपाईला ३५,००० गेले, तर शिल्लक १,२५,०००. आणि प्रयोगाआधीच्या तीन महिन्यांत ४० कुटुंबांनी प्रत्येकी ५,००० दिले, तर २,००,०००. हाती राहिले ३,१०,०००, आणि त्यात तिकीटखिडकीचा वाटा उणे आहे.

हे गणित एकदा फळ्यावर लिहिले की बैठकीतली चर्चा बदलते. "कोणतं नाटक?" हा प्रश्न मागे पडतो आणि "कोण कोणाकडे जाणार?" हा पुढे येतो.

आमचे मत विचाराल तर बाहेरचे मोठे नाटक तीन वर्षांतून एकदा पुरे. मधल्या वर्षी स्थानिक कलाकारांचा कार्यक्रम करावा. चाळीस मुले रंगमंचावर असली की त्यांचे आई-वडील, आजी-आजोबा आणि मामा-मावशा मिळून अर्धे सभागृह आपोआप भरते, खर्चही निम्म्याहून खाली येतो. आनंदमेळा किंवा खाद्यजत्रा हा तिसरा मार्ग. थालीपीठ, मिसळ, साबुदाणा वडा यांच्या स्टॉलपुढे गुजराती शेजारी मराठी मंडळींपेक्षा लांब रांग लावतात, हे दरवेळी दिसते. पुरणपोळी मात्र घरून करून आणावी. जागेवर लाटायला घेतली तर रांग मैदानाबाहेर जाते आणि करणाऱ्या बायकांना श्वास घ्यायला फुरसत राहत नाही.

तारीख

बडोद्यात नवरात्राच्या नऊ रात्री गाव गरब्यात असते. त्या काळात कशाचाही विचार करू नये. १४ आणि १५ जानेवारीला सगळे गच्चीवर पतंगाला. मार्चमध्ये परीक्षा, एप्रिल-मेमध्ये ऊन आणि गावी जाणे, पावसाळ्यात मैदान नाही, पितृपक्षात अनेक घरे नवे काही करत नाहीत. उरतात देवदिवाळीनंतरचे आठवडे आणि उत्तरायण संपल्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ. डिसेंबरमध्ये परदेशी असलेली मुले-मुली घरी आलेली असतात, त्यामुळे आम्ही शक्यतो डिसेंबर धरतो. लग्नाचे मुहूर्त पंचांगात बघून मग तारीख पक्की करावी. चांगली सभागृहे याच दिवसांत सगळ्यांना हवी असतात, तेव्हा नोंदणी सहा महिने आधी. सभागृहाची लेखी पावती हातात येईपर्यंत नाटक कंपनीला होकार देऊ नये आणि नाटकाची तारीख लेखी मिळेपर्यंत पत्रक छापू नये.

परवानग्या आणि कर

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथल्या चुका महाग पडतात.

तिकिटावर 'देणगी प्रवेशिका' असे छापले म्हणून ते देणगी होत नाही. तिकिटाच्या बदल्यात माणसाला नाटक बघायला मिळते, त्यामुळे त्या रकमेवर आयकरातली देणगीची सवलत देता येत नाही. देणगीची पावती वेगळी, तिकीट वेगळे. ज्याला ५,००० द्यायचे आहेत त्याला ५,००० ची देणगी-पावती द्यावी आणि नाटकाचे निमंत्रण सर्वच देणगीदारांना द्यायचे की नाही हे आधी आपल्या सनदी लेखापालाला विचारून ठरवावे.

देणगीवरची सवलत (१९६१ च्या कायद्यातले कलम ८०जी) ज्या संस्थेकडे त्यासाठीची मान्यता आहे तिलाच देता येते. २,००० रुपयांहून जास्त रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही, म्हणून त्यापुढची रक्कम धनादेशाने किंवा बँकेतूनच घ्यावी. देणगीदाराचे नाव, पत्ता आणि पॅन त्याच वेळी लिहून घ्यावा, कारण वर्षाअखेरीनंतर आयकर खात्याकडे देणग्यांचे विवरण भरून प्रत्येकाला प्रमाणपत्र द्यावे लागते. मे महिन्यात दोनशे घरांत फोन करून पॅन विचारण्याचा उद्योग आम्ही एकदा केला आहे. पुन्हा करायची इच्छा नाही. ज्यांनी नवी करपद्धत घेतली आहे त्यांना ही सवलत मुळातच मिळत नाही, हेही देताना सांगावे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होत असल्याने कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात. पावतीवरचा जुना मजकूर तसाच छापू नये.

नाव-पत्ता नसलेल्या देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या तर त्यावर ३० टक्के कर लागतो. दारात ठेवलेली दानपेटी लहानच बरी.

परदेशातल्या मुलांकडून येणाऱ्या पैशाबाबत सर्वांत जास्त गैरसमज आहेत. मुलगा अमेरिकेत असला तरी त्याच्याकडे भारतीय पारपत्र असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवले, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. मात्र तो तिथला नागरिक झाला असेल तर, ओसीआय कार्ड असले तरी, त्याची देणगी परदेशी ठरते. परदेशी देणगीविषयक कायद्याखाली म्हणजे एफसीआरएखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर मंडळाला ती घेता येत नाही, मग ती त्याने बडोद्यात बसून रुपयांत दिलेली का असेना. डिसेंबरात घरी आलेल्या पाहुण्यासमोर हे बोलणे अवघड जाते. आम्ही आता सरळ विचारतो, "पारपत्र कुठलं?" आणि ते परदेशी असेल तर आई-वडिलांनी स्वतःच्या पैशातून स्वतःच्या नावाने दिले तर चालेल असे सांगतो. मुलाने दिलेले पैसे आई-वडिलांच्या नावावर दाखवणे ही मात्र पळवाट आहे, ती सुचवू नये.

नाटकाच्या प्रवेशावर माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही. त्याहून जास्त दर ठेवायचा असेल किंवा मंडळाची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आसपास जात असेल तर आधी सल्ला घ्यावा. स्मरणिकेतली जाहिरात हीही देणगी नव्हे. जाहिरातदाराला बिल द्यावे लागते आणि संस्थेच्या उत्पन्नात ती वेगळी दाखवावी लागते.

स्थानिक कलाकार नाटक करणार असतील तर लेखकाची परवानगी. "आम्ही हौशी मंडळ आहोत, आम्हाला लागत नाही" हे अर्धेच खरे आहे. हौशी मंडळाला कायद्याने दिलेली मोकळीक प्रेक्षकांकडून पैसे न घेतलेल्या प्रयोगापुरती आहे. तिकीट लावले की लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी आणि मानधन आलेच. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क राहतो. किर्लोस्कर, देवल, गडकरी आणि १९४८ मध्ये गेलेले खाडिलकर यांची मूळ नाटके त्यामुळे मोकळी आहेत; अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांच्या नाटकांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. जुन्या नाटकाची कोणी नव्याने केलेली रंगावृत्ती वापरणार असाल तर तिचा हक्क निराळा. मुलांच्या नाचासाठी वाजवायच्या ध्वनिमुद्रित गाण्यांनाही परवाना लागतो.

मैदानावरच्या कार्यक्रमात ध्वनिक्षेपक रात्री १० वाजता बंद. बंद सभागृहाला ही मर्यादा तशी लागू नाही. पोलीस आणि अग्निशमन यांची परवानगी सभागृहाच्या भाड्यात धरलेली आहे असे समजू नये, व्यवस्थापकाला विचारावे. खाद्यजत्रेतल्या स्टॉलधारकांना अन्नसुरक्षा कायद्याखाली लहान व्यावसायिकाची नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते, पण आदल्या दिवशी नाही. आणि 'लकी ड्रॉ'ची तिकिटे विकू नयेत. सरकारच्या परवानगीशिवाय चालवलेली सोडत हा गुन्हा आहे, बक्षीस मिक्सरचे असले तरी.

लोकांपर्यंत पोचणे

व्हॉट्सअॅपवर पत्रक टाकले म्हणजे प्रचार झाला असे समजणारा एक सदस्य प्रत्येक कार्यकारिणीत असतो. त्या पत्रकाखाली अंगठे उमटतात, तिकिटे उमटत नाहीत. तिकीट विकते ते ओळखीने. प्रत्येक कार्यकर्त्याकडे दहा तिकिटांचे एक पुस्तक, त्याची वहीत नोंद आणि सही, आणि न विकलेली तिकिटे परत करायची तारीख कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी. ही तारीख पाळली नाही तर शेवटच्या दिवशी खिडकीवर "संपली" म्हणावे लागते आणि आत खुर्च्या रिकाम्या दिसतात.

देणगीसाठी दोघांनी जावे, त्यातला एक त्या घराच्या ओळखीचा. दांडिया बाजार, रावपुऱ्यातली जुनी घरे संध्याकाळी सहानंतर. मांजलपूर, गोत्रीकडची नोकरी करणारी कुटुंबे रविवारी सकाळी. बरोबर अंदाजपत्रक आणि गळक्या छपराचे छायाचित्र न्यावे. रक्कम आपण सांगावी. "काका, जे जमेल ते द्या" म्हटले की काकांना अवघड होते, कमी दिले तर काय वाटेल म्हणून ते "कळवतो" म्हणतात. "काका, एका कपाटाला इतका खर्च येतो, आजींच्या स्मरणार्थ एखादं द्याल का?" हे विचारणे सोपे आणि देणेही सोपे. आमच्या वाचनालयातली निम्मी कपाटे अशी स्मरणार्थ आलेली आहेत. देणगीदारांची यादी आम्ही रकमेप्रमाणे लावत नाही, आडनावाच्या अकारविल्ह्यात लावतो. ५०१ देणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला यादीच्या तळाशी शोधावे लागू नये.

पत्रक मराठी आणि गुजराती दोन्हीत काढावे. इथे चार-पाच पिढ्या राहिलेल्या घरांत नातवंडांना मराठी बोलता येते, पण वाचायला गुजराती सोपी जाते. स्मरणिकेच्या जाहिरातींसाठी तर गुजराती पत्रच लागते. दुकानदार मंडळींशी व्यवहाराचे संबंध ज्यांचे आहेत त्यांनीच त्यांच्याकडे जावे, आणि दिवाळीच्या आधी जावे. दिवाळीनंतर नव्या वर्षाच्या वह्या उघडतात आणि उत्तर "आवता वर्षे" असे येते.

त्या दिवशी आणि नंतर

क्यूआर कोड मंडळाच्या बँक खात्याचाच हवा. खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचा "आजच्यापुरता" चालवला तर प्रामाणिक खजिनदारही वर्षभर खुलासे देत बसतो. रोख रक्कम दोघांनी मोजावी, नोटांचा तपशील कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि पुढच्या कामकाजाच्या दिवशी सगळी बँकेत भरावी. त्यातूनच चहावाल्याचे आणि हमालांचे पैसे देऊ नयेत; किरकोळ खर्चासाठी आगाऊ रक्कम वेगळी काढून ठेवावी. मध्यंतरातले भाषण पाच मिनिटांचे, आणि त्यात आतापर्यंत जमलेला आकडा सांगावा. सत्कार कमी करावेत. शाल-श्रीफळांचा खर्च निधीतूनच जातो हे समोर बसलेल्यांना कळते.

हिशेब महिन्याच्या आत. जमा, खर्च, शिल्लक आणि काम केव्हा सुरू होणार, एवढे एका पानावर लिहून ते फलकावर लावावे आणि प्रत्येक देणगीदाराला आभारपत्रासोबत पाठवावे. तूट आली असेल तर तीही लिहावी. आमच्या फलकावर एक वर्षी तिकीटविक्रीपुढे उणे आकडा होता; त्यावर कुजबुज झाली, पण पुढच्या वर्षी त्याच लोकांनी आपणहून जाहिराती आणून दिल्या. काम पूर्ण झाल्यावर दुसरे पत्र, छायाचित्रासह. वर उल्लेख केलेल्या काकूंना आम्ही नवे छप्पर दाखवायला रिक्षाने घेऊन गेलो होतो. त्यांनी वर बघितले, भिंतीवरचा ओलीचा जुना डाग दाखवला आणि रंग कधी देणार ते विचारले.

तिकीटपुस्तकांच्या स्थळप्रती, न विकलेली तिकिटे, मोजणीचे कागद आणि परवानग्यांच्या प्रती एका फायलीत लावून कार्यालयात ठेवाव्यात, कोणाच्या घरी नाही. लेखापरीक्षक आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला त्या लागतात, आणि पुढच्या कार्यकारिणीला तर पहिल्याच बैठकीत लागतील.